समाधानाची लेव्हल



आपल्या जिल्ह्याच्या नावाला एक म्हण चिकटलेली आहे आणि ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे: "बनी तो बनी, नहीं तो परभणी." पुण्या-मुंबईला जमलं तर उत्तम, नाही जमलं तर परभणी आहेच! बाहेरगावचा माणूस ही म्हण ऐकून हसतो, आपणही हसतो. पण जरा थांबून बघा, ही म्हण म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची दुसऱ्याशी केलेली तुलना आहे. म्हणजे आपण इथे ॲडमिशन घेतो तेव्हाच तुलनेचा पहिला डोस आपल्याला मिळालेला असतो.

पुढचे डोस हॉस्टेलमध्ये मिळतात. रिझल्ट लागला की स्वतःचा सीजीपीए बघायला दहा सेकंद लागतात आणि उरलेली रात्र बाकीच्यांचे बघण्यात जाते. प्लेसमेंटची यादी लागली की नावापेक्षा आधी पॅकेजचा आकडा वाचला जातो. मेसमध्ये पिठलं-भाकर खात असताना कुणाच्या तरी इंस्टाग्रामवर मित्राचे बेंगळुरूच्या ऑफिसमधले फोटो येतात आणि मग भाकरीची चव जाते. घरी फोन लावला तर आई सहज सांगते, "शेजारच्या काकूंच्या पोराला लागलं बरं का पुण्यात." ती सहजच सांगत असते. आपल्याला ते सहज वाटत नाही.

या विषयावर मॅगझिनमध्ये दरवर्षी कुणीतरी 'पॉझिटिव्ह थिंकिंग' असा लेख लिहितं. मी तसा लिहिणार नाही. मी ख्रिस्ती घरातली आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे बायबल आधी इंग्रजीत वाचलं आणि नंतर आजीबरोबर मराठीत. तुलना आणि समाधान या दोन गोष्टींबद्दल आमच्या श्रद्धेत नेमकं काय सांगितलेलं आहे, हे मला जसं समजलं तसं मांडायचं आहे. कुणाला पटवायचं नाही. रूममेट्स विचारतात, "तुम्ही लोक संडेला चर्चमध्ये जाऊन नक्की काय करता गं?" तर त्याच प्रश्नाचं हे लांबलेलं उत्तर समजा.

आधी थोडं शास्त्राचं. लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं साधारण असं, की आपली क्षमता मोजायला पक्कं माप नसेल तर माणूस शेजाऱ्याकडे बघून स्वतःला मोजतो, आणि तेही आपल्या आसपासच्याच शेजाऱ्याकडे बघून. म्हणूनच आपल्याला अंबानींचा हेवा वाटत नाही, पण समोरच्या कॉटवरच्या मुलीचा वाटतो. दुसरा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे त्यात तपासले होते. रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले जास्त खूश दिसले! दुसरा आलेला सोन्याकडे बघत होता आणि तिसरा आलेला चौथ्याकडे. म्हणजे हातात काय आहे यापेक्षा नजर कुठे आहे, यावर आनंद ठरला.

आता बायबलकडे येते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. ती आपल्या भागात जितकी पटकन कळेल तितकी शहरात कळणार नाही. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर आणतो. मग नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला गेला तरी काही माणसं तिथेच उभी. कुणी कामाला नेलंच नाही. त्यांनाही तो घेऊन येतो. सुट्टी झाल्यावर पैसे वाटताना शेवटच्यांपासून सुरुवात करतो आणि एका तासाच्या मजुराला पूर्ण एक दिनार देतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना वाटतं, आता आपल्याला नक्की जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार. मग ते कुरकुर करतात.

ज्याच्या घरी कापूस वेचायला बायका येतात त्याला विचारा, असं केलं तर दुसऱ्या दिवशी कोण येईल? मॅनेजमेंटच्या पेपरात ही वेतनपद्धती लिहिली तर शून्य मार्क. पण गोष्ट नीट वाचली तर लक्षात येतं, की पहाटेच्या मजुराचं काहीही कमी झालेलं नाही. ठरलेली मजुरी त्याला पूर्ण मिळाली. सकाळी काम मिळालं तेव्हा तो याच एका दिनारावर खूश होता. संध्याकाळी तोच दिनार कमी वाटायला लागला, कारण त्याने दुसऱ्याची मूठ बघितली. आणि पाचला आलेल्याचं काय? तो दिवसभर आरामात झोपलेला नव्हता. परभणीत किंवा जिंतूरला मजूरअड्ड्यावर दुपारपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिला आहे त्याला कळेल, की काम न मिळण्याची दगदग उन्हात काम करण्यापेक्षा कमी नसते. एक दिनार म्हणजे एका कुटुंबाचं एका दिवसाचं पोट. मालक तास मोजत नव्हता, पोटं मोजत होता. मला या गोष्टीतली सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे ती पूर्ण होत नाही. कुरकुर करणारा मजूर शेवटी हसत घरी गेला की चिडून, हे येशू सांगतच नाही.

सिव्हिलवाल्यांसाठी एक उदाहरण देते, बाकीच्यांनी सहन करा. लेव्हलिंगच्या प्रॅक्टिकलला आपण ऑटो लेव्हल मांडतो आणि पहिलं रीडिंग बेंचमार्कवर धरलेल्या स्टाफवर घेतो. बेंचमार्कची उंची माहीत असते, त्यात बॅकसाइट मिळवली की इन्स्ट्रुमेंटची उंची निघते आणि मग पुढच्या सगळ्या पॉइंट्सच्या लेव्हल निघतात. आता समजा एखाद्या ग्रुपने पहिलं रीडिंग शेजारच्या ग्रुपच्या स्टाफवर घेतलं, जो कुठे उभा आहे हेच कुणाला माहीत नाही, तर? रीडिंग येतील, टेबल भरेल, अरिथमॅटिक चेकसुद्धा जुळेल. पण एकाही पॉइंटची खरी उंची कळणार नाही. शिवाय शेजारचा स्टाफवाला कंटाळून दोन पावलं सरकला की आपली सगळी लेव्हल बदलली! तुलनेत नेमकं हेच होतं. ख्रिस्ती श्रद्धेत बेंचमार्क देव आहे. त्याने मला घडवलं, त्याला मी हवी आहे, आणि हे माझ्या रँकवर ठरलेलं नाही, असं ही श्रद्धा सांगते. 'कृपा' हा शब्द आम्ही चर्चमध्ये इतका वापरतो की तो गुळगुळीत झालाय, पण त्याचा अर्थ एवढाच, की जे मिळालं ते कमावण्याआधीच मिळालं. ज्याची किंमत आधीच ठरलेली आहे त्याला ती रोज संध्याकाळी शेजाऱ्याच्या किंमतीवरून काढावी लागत नाही.

बायबलमध्ये तुलनेने माणसं कशी बिघडतात याची उदाहरणं भरपूर आहेत. शौल राजाचं बघा. लढाईवरून परतताना बायकांनी गाण्यात त्याच्यापेक्षा दावीदाला मोठा आकडा दिला, आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. पुढे भालाफेकीपर्यंत मजल गेली. राज्य त्याच्याच हातात होतं, पण लक्ष त्या आकड्यावर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पेत्राचा प्रसंग आहे. येशू त्याला पुढची जबाबदारी सांगतो, पुढचं मरणही सुचवतो, आणि पेत्र काय करतो? मागे वळून योहानाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, ह्याचं काय होणार? उत्तर थोडक्यात असं मिळतं, की ते तुझं काम नाही, तू माझ्या मागे ये. म्हणजे ज्याच्या नावाने रोममधलं सगळ्यात मोठं चर्च उभं आहे त्यालासुद्धा दुसऱ्याच्या रिझल्टमध्ये डोकवायची सवय होती. मला हे वाचून बरं वाटतं.

पण हे सगळं दूर देशातलं झालं. आपल्या मराठीत याचं जिवंत उदाहरण शोधायचं तर मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेईन. आपण शाळेत त्यांच्या कविता शिकलो, 'फुलामुलांचे कवी' असा प्रश्नही सोडवला, पण माणूस राहून गेला. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातला. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरदार, नातेवाईक, जात, मान सगळं एका दिवसात गेलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर नगरला येऊन राहिल्या आणि पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं नाव घेत वाढलेल्या माणसाला हे वाक्य परकं वाटायचं कारण नाही. नामदेवाच्या घरी दळण-कांडण करणारी ती दासी, पण आज सातशे वर्षांनंतर तिचं नाव नामदेवाच्या शेजारी घेतलं जातं.

टिळकांची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्यांच्या कवितेतली नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. तिथे सतरा वर्षांच्या आतल्या एका मुलाने कविता म्हटली आणि सगळे थक्क झाले. त्याचं नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. तेव्हापासून तो 'बालकवी' झाला. त्या वेळी टिळक पंचेचाळिशीत होते, नाव झालेले कवी होते, आणि निसर्ग-फुलं हा त्यांचाच प्रांत. त्याच प्रांतात हा पोरगा त्यांच्या पुढे जाणार हे कळायला टिळकांसारख्या जाणकाराला वेळ लागला नसणार. अशा वेळी सीनियर काय करतो? आपल्याला चांगलं माहीत आहे सीनियर काय करतात! टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. त्याने धर्म बदलला नाही, तो हिंदूच राहिला, आणि त्यामुळे घरातली त्याची जागा कमी झाली नाही. पुढे 'फुलराणी' आणि 'औदुंबर' लिहून बालकवी मराठीत असा बसला की आज निसर्गकवी म्हटलं की आधी त्याचंच नाव येतं आणि टिळकांचं नंतर. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

शौलाच्या हातात भाला होता आणि टिळकांच्या घरात एक जादा ताट. दोघांच्याही पुढे आपल्यापेक्षा सरस असा तरुण उभा होता. फरक का पडला? मला वाटतं, टिळकांचा हिशेब दुसरीकडे कुठेतरी आधीच चुकता झाला होता. १८९५ मध्ये सगळी प्रतिष्ठा घालवून बसलेल्या माणसाला आणखी थोडी गमावण्याची भीती काय असणार? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगारही सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. धर्माची विभागणी न मानता ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांसाठी तो होता. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं.

संसार चालवणाऱ्या बाईच्या बाजूनेही हे बघायला हवं, नाहीतर टिळकांचं कौतुक एकतर्फी होईल. घरात पैसा टिकत नसे, कारण कुणी मागितलं की टिळक देऊन मोकळे होत. समाधानी नवऱ्याच्या घरात डाळ-तांदळाची काळजी बायकोलाच करावी लागते! लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं लपवलेलं नाही, उलट हसत हसत सांगितलं आहे. पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने बोलतात तसं लिहिलं आणि ते मराठीतलं अव्वल आत्मचरित्र ठरलं. विद्वान नवऱ्याशी, मोठमोठ्या साहित्यिकांशी स्वतःची तुलना करत बसल्या असत्या तर पहिलं पानही झालं नसतं. आपल्या लायब्ररीत असेल तर सुट्टीत जरूर वाचा.

आता अवघड प्रश्नाकडे येते. एका मैत्रिणीने मला तो सरळ विचारला, आणि तो विचारण्यासारखाच आहे. "समाधानी राहा, तुलना करू नका, हे गरिबाला सांगणं श्रीमंताच्या सोयीचं नाही का?" मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांना तर हा प्रश्न जास्तच लागू होतो. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे ख्रिस्ती झालेली बरीच कुटुंबं गावकुसाबाहेरची होती. धर्म बदलला, वस्ती तीच राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेले दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना ओबीसींमध्ये होते. त्यामुळे एकाच पणजोबाच्या दोन शाखांतली दोन मुलं ॲडमिशनच्या वेळी दोन वेगळ्या रांगेत उभी राहतात आणि फीचे दोन वेगळे आकडे भरतात. २०२२ साली केंद्राने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. मग अशा मुलाने शेजारच्या रांगेकडे बघायचंच नाही का?

उत्तर मला संत पौलाकडे मिळालं. ख्रिस्ती लोक समाधानावर बोलताना नेहमी त्याचं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र काढतात. कैदेत असताना त्याने लिहिलं, की भरपूर असो की टंचाई, दोन्ही अवस्थांत तृप्त राहायला मी शिकलो आहे. इथे 'शिकलो' हा शब्द महत्त्वाचा. तो जन्मतः शांत स्वभावाचा नव्हता, चांगला तापट होता. तृप्तीसाठी त्याने जो ग्रीक शब्द वापरला तो स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द होता. त्यांच्याकडे त्याचा अर्थ, स्वतःतच पुरेसा असणारा, कुणाची गरज नसणारा. पौलाने शब्द घेतला पण अर्थ फिरवला. आपण स्वतः पुरे पडतो असं तो म्हणत नाही, बळ देणारा दुसरा आहे असं म्हणतो.

पण याच फिलिप्पै गावात आधी काय घडलं होतं ते सहसा कुणी सांगत नाही. 'प्रेषितांची कृत्ये'च्या सोळाव्या अध्यायात ते आहे. तिथे पौल आणि सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. रात्री दोघं खोड्यात पाय अडकलेले असताना देवाची गाणी म्हणत होते. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडलंय, गुपचूप जा. पौल जागचा हलला नाही. त्याने कळवलं, की आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत मारलं, आता चोरून बाहेर काढता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि त्यांना यावं लागलं! रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच आहे. पुढे तर त्याने आपला खटला थेट कैसरापर्यंत नेला.

म्हणून माझ्या मते हक्काची मागणी आणि हेवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, जरी दोन्हींची सुरुवात शेजाऱ्याकडे बघूनच होत असली तरी. ओळखायची खूण साधी आहे. दुसऱ्याचं काढून घेतलं गेल्यावर आपल्याला बरं वाटणार असेल तर तो हेवा. दुसऱ्याचं तसंच राहून आपल्यालाही मिळावं असं वाटत असेल तर ती मागणी. स्कॉलरशिपचा फॉर्म भरा, रिव्हॅल्युएशन टाका, निवेदन द्या. त्याने समाधान मोडत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. आजकाल काही प्रवचनांत सांगतात, की विश्वास ठेव, तुला बाकीच्यांपेक्षा मोठी नोकरी मिळेल, मोठी गाडी मिळेल. म्हणजे शर्यत तीच, फक्त देवाला आपल्या टीममध्ये घ्यायचं! ज्याला स्वतःचं डोकं टेकायला जागा नव्हती त्याच्या नावाने हे सांगतात, हे विशेष. आणि चर्चमध्ये तुलना नसते असं कुणी समजू नये. नाताळला कुणाचा तारा मोठा, कुणाची लांब प्रार्थना, कुणाचा मुलगा गल्फला, सगळं चालतं. आम्हीही माणसंच.

रोजच्या जगण्यात याचं काय करायचं, असं विचाराल तर आजीची पद्धत सांगते. ती झोपण्याआधी दिवसातल्या तीन गोष्टींसाठी देवाचे आभार मानते, मोठ्याने, मराठीतून. मोटार लागली, पाणी आलं. गुडघा कमी दुखला. चौथ्या नंबरला ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी चांगल्या बातमीसाठी आभार मानते. शेजारणीच्या नातवाला नोकरी लागली, भावकीत कुणाचं लग्न जमलं. हा चौथा नंबर अवघड आहे. ज्याच्या नावाने पोटात दुखतं त्याचंच नाव घेऊन देवासमोर "बरं झालं" म्हणायचं. पहिल्या दिवशी शब्द फक्त तोंडातून येतात. आजी म्हणते, "येऊ दे की लेकरा, तोंडातून तर तोंडातून. रोज म्हणलं की खाली उतरतंय."

या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या दोघींचं कॅम्पस झालं, माझा इंटरव्ह्यू अजून व्हायचा आहे. त्या दोघींची नावं गेले पंधरा दिवस माझ्या चौथ्या नंबरला आहेत. त्यातलं एक लवकर खाली उतरलं. दुसरं अजून घशाशी आहे.